तिसरें नांव



१९६७ सालीं हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें 'कॉल ऑफ द व्हॅली' या नांवाची एक लाँग-प्ले तबकडी ध्वनिमुद्रित केली. 'खोऱ्याची हांक' असें त्या नांवाचें मराठी करतां येईल. काश्मीरच्या खोऱ्यांतील एका मेंढपाळाचा एक दिवस, पहांटेपासून रात्रीपर्यंत, निव्वळ वाद्यांच्या साहाय्यानें श्रोत्यांपुढें उभा करावा, अशी तिची कल्पना होती. पहांटेसाठीं अहिरभैरव व त्याला लागूनच नटभैरव, पुढें दिवस चढत-उतरत जाईल तसतसे पिलू, भूप, देस आणि शेवटीं पहाडी, अशी रागांची योजना केलेली होती. गायक नाहीं, शब्द नाहींत. कथा सांगणारा निवेदकहि नाहीं. तरी ही तबकडी देशांत आणि देशाबाहेर इतकी खपली, कीं हिंदुस्थानी रागसंगीताशीं ज्यांचा सुतराम् संबंध नव्हता अशा परक्या मुलुखांतील कित्येक लोकांची आपल्या संगीताशीं पहिली ओळख तिच्याच द्वारें झाली.

वऱ्हाडच्या श्रोत्यांना या तबकडीविषयीं थोडा अधिक जिव्हाळा वाटावा असें एक कारण आहे. तिचे निर्माते होते जी. एन. जोशी. वडीलधाऱ्यांना हें नांव सांगावयास नकोच. मेहकरचे वकील-कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता ज्यांच्या गळ्यांतून तबकडीवर उतरली आणि घरोघर पोंचली, तेच हे जोशी. मराठी भावगीताच्या तबकडीचा आरंभ त्या गाण्यापासून धरण्याची रीत आहे. कायद्याची पदवी घेतलेला हा गायक पुढें एच. एम. व्ही. कंपनींत नोकरीस राहिला आणि थोरथोर कलावंतांचें गाणें-बजावणें त्यानें तबकडींत साठवून ठेवलें. तेव्हां मेहकरच्या शिळेपासून काश्मीरच्या खोऱ्यांतील हांकेपर्यंतचा प्रवास एकाच माणसाच्या हातून झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां या तबकडीवर वाजविलें कोणी, असें कोणत्याहि सुशिक्षित घरांत विचारून पाहा. संतूर पंडित शिवकुमार शर्मा यांचें आणि बांसरी पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची, हीं दोन उत्तरें तात्काळ मिळतील. त्यानंतर उत्तर देणारा किंचित् थांबतो. "आणि गिटारहि होती, नाहीं का?" असें म्हणतो, परंतु ती कोणाची, तें त्याला आठवत नाहीं. वेष्टणावर नांवें कोणत्या क्रमानें छापलीं होतीं, हा प्रश्न येथें नाहीं. लोकांच्या स्मरणांत जें नांव तिसरें राहिलें, आणि तिसरें राहिल्यामुळें गळून गेलें, त्याविषयीं मला आज बोलावयाचें आहे. तें नांव ब्रिजभूषण काब्रा. (तबला माणिकराव पोपटकरांचा होता. त्यांना तर चौथेंहि स्थान कोणी देत नाहीं. पण तबलजीची उपेक्षा हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल.)

गिटार म्हटली, कीं छातीशीं तिरपें धरलेलें, डाव्या हाताच्या बोटांनीं तारा दाबून वाजविलें जाणारें वाद्य आपल्या डोळ्यांपुढें येतें. काब्रांची गिटार ती नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवलेली असे. तिच्या तारा घोडीच्या आधारानें पट्टीपासून चांगल्या उंच उचललेल्या असत. त्यामुळें त्या दाबून पडद्यांना टेकविण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. उजव्या हाताच्या आंगठ्यांत व बोटांत नख्या घालून तार छेडावयाची आणि डाव्या हातांत पोलादाची एक गुळगुळीत कांडी धरून ती तारेवरून सरकवावयाची. कांडी जेथें टेकेल तेथें सूर. पडदे असतात, पण ते मैलाच्या दगडांसारखे. रस्ता अडविण्याचें काम ते करीत नाहींत. या कांडीवरूनच इंग्रजींत या वाद्याला स्टील गिटार म्हणतात, आणि जेथें ही तऱ्हा जन्मली त्या बेटांवरून हवायन गिटार असेंहि म्हणतात.

तीं बेटें पॅसिफिक महासागरांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं तेथें शाळेंत शिकणाऱ्या जोसेफ केकुकू नांवाच्या मुलानें ही वादनपद्धति बसविली, असें सर्वसाधारणपणें मानतात. परंतु हवाईच्या संगीतकारांनीं आणखी एक आठवण नोंदवून ठेविली आहे. गेब्रिएल डेव्हियन नांवाचा एक तरुण १८८४-८५च्या सुमारास होनोलुलूस गिटारीच्या तारेवर कांहीं तरी घासून सूर काढीत असे. तो जन्मानें हिंदुस्थानचा होता आणि एका जहाजाच्या कप्तानानें त्याला पळवून आणलें होतें, असें सांगत. या आठवणीवर फार मोठी इमारत उभारूं नये. तथापि तारेवर कठीण वस्तु सरकवून सूर काढण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे, हें निर्विवाद. उत्तरेकडील विचित्रवीणेंत वादक कांचेचा गोटा वापरतो. दक्षिणेंत गोट्टुवाद्यम् आहे, तेथें लाकडाचा गुळगुळीत ठोकळा असतो. हें गोट्टुवाद्यम् मैफलींत रूढ करणाऱ्यांमध्यें तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. तंजावर प्रांतांतील तें नांव आपल्या कानांना परकें वाटणार नाहीं.

१९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत हवाईच्या वादकांनीं अमेरिकेला वेड लावलें. तेथून ही कांडी अमेरिकेच्या ग्रामीण संगीतांत शिरली. ज्याला तिकडे 'कंट्री' म्हणतात त्या शेतकरी-मजुरांच्या गाण्यांत गायकाच्या मागें रडवेला, लांबत जाणारा जो एक तारस्वर ऐकूं येतो, तो याच वाद्याचा. हँक विल्यम्स या अल्पायुषी गायकाच्या तबकड्यांवर डॉन हेल्म्स हा वादक तें वाजवीत असे. गंमतीची गोष्ट अशी, कीं आज जगभर जी विजेवरची गिटार गाजते, तिचें बाजारांत आलेलें पहिलें यशस्वी रूप १९३२च्या सुमाराचें असून तें मांडीवरच्या स्टील गिटारीचेंच होतें. आकारावरून लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत.

आपल्या देशांत हें वाद्य हवाई बेटांवरच्या फिरत्या मंडळ्यांनीं आणलें. टाउ मो या वादकाचें कुटुंब तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कलकत्त्यासच मुक्काम करून होतें. मोठमोठ्या हॉटेलांतून हीं मंडळी वाजवीत, आणि कलकत्त्याचे हौशी तरुण त्यांच्याकडून शिकत. पाहतां पाहतां बंगाल्यांत ही गिटार घरोघर झाली. रवींद्रनाथांचीं गाणीं तिच्यावर वाजूं लागलीं. मुंबईस ती गेली चित्रपटांत. लखनौहून येऊन मुंबईकर झालेले व्हॅन शिप्ले हे त्या क्षेत्रांतील मोठें नांव. ते व्हायोलिनहि वाजवीत आणि त्यांनीं स्वतःसाठीं आठ तारांची विजेची गिटार घडवून घेतली होती. पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्या साथीनें त्यांनीं भरलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या एके काळीं लग्नघरीं, उपाहारगृहांत आणि गणपतीच्या मांडवांत वाजत असत. गाण्याचे शब्द काढून टाकले तरी चाल ओळखूं यावी आणि गुणगुणतांहि यावी, हें सामर्थ्य त्या वादनांत होतें. त्याला कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु गिटार हें वाद्य त्यामुळें एका कप्प्यांत बंद झालें, हेंहि तितकेंच खरें. हॉटेल, सिनेमा आणि करमणूक हा तो कप्पा होता. रागसंगीताच्या बैठकींत तिला कोणी बोलावीत नसे.

या ठिकाणीं आपल्या संगीतक्षेत्रांतील एका विसंगतीकडे लक्ष वेधावेसें वाटतें. १९४० सालीं नभोवाणीनें आपल्या केंद्रांतून हार्मोनियमला मज्जाव केला, आणि ती बंदी १९७१पर्यंत चालली. कारण असें दिलें जाई, कीं पेटीचे सूर ठोकळेबाज असतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणें, म्हणजे मींड घेणें, तिला शक्य नाहीं, आणि मींड हा तर आपल्या गायनाचा प्राण आहे. हें कारण शास्त्रदृष्ट्या चुकीचें नव्हतें. तरीसुद्धां आमच्या वलगांवकडील भजनी मंडळांनीं पेटी सोडली नाहीं ती नाहींच. दिवसभर शेतांत राबलेल्या माणसाला चार घटका नामस्मरण करावयाचें असेल, तर त्याला मींडेचा हिशेब सांगून काय उपयोग? असो. सांगावयाचें तें असें, कीं जी कसोटी लावून पेटीला दाराबाहेर ठेविलें, त्याच कसोटीला पूर्णांशानें उतरणारें एक वाद्य शेजारच्याच हॉटेलांत वाजत होतें, आणि त्याच्याकडे कोणाचेंहि लक्ष नव्हतें. पेटीला मींड येत नाहीं म्हणून ती परकी ठरली. गिटारीला मींडेखेरीज दुसरें कांहीं सुचत नाहीं, तरी तीहि परकीच ठरली. तेव्हां वाद्याची पारख आपण कानानें करतों कीं त्याचें जन्मगांव पाहून करतों, असा प्रश्न पडतो.

ब्रिजभूषण काब्रांनीं हा प्रश्न वादविवाद न करतां वाजवून सोडविला.

त्यांचा जन्म १९३७ सालीं जोधपूर येथें झाला. काब्रा हें आडनांव अकोला-अमरावतीच्या पेठांत ठाऊक असलेलें आहे. या काब्रांच्या घरीं मात्र संगीताचा वास होता. वडील गोवर्धनलाल हे सितारीचे थोर वादक इनायत खां यांच्याकडे शिकलेले. वडील बंधु दामोदरलाल हे सरोद शिकत होते, आणि तेहि कोणाकडे, तर अली अकबर खां यांच्याकडे. खांसाहेब त्या काळीं जोधपूरच्या महाराजांच्या पदरीं दरबारी वादक होते. अशा घरांतील धाकट्या मुलाला प्रारंभीं संगीतांत विशेष रस नव्हता. पुढें कलकत्त्यास गेला असतां हवायन गिटार त्याच्या कानीं पडली, आणि या वाद्यानें त्याला पछाडलें.

वडिलांना काय वाटलें असेल, याची कल्पना आपणां सर्वांना करतां येईल. सितार-सरोदाच्या घरांत हॉटेलांतलें वाद्य! आपल्यांतील कित्येक घरांत अशा प्रसंगीं वाद्य माळ्यावर जातें, किंवा मुलगा घराबाहेर पडतो. येथें तिसरेंच घडलें. या वाद्यावर मी हिंदुस्थानी रागसंगीताखेरीज दुसरें कांहीं वाजविणार नाहीं, असें वचन मुलानें वडिलांना दिलें, आणि त्या अटीवर परवानगी मिळाली. वचनाचें मोल चटकन् ध्यानांत येत नाहीं, म्हणून थोडें स्पष्ट करतों. त्या काळीं गिटारवादकाला जो पैसा आणि जें नांव मिळे तें चित्रपटगीतांत मिळे. तें दार या तरुणानें पहिल्याच दिवशीं स्वतःच्या हातानें लावून घेतलें. आणि ज्या दाराशीं तो जाऊन उभा राहिला, तेथें त्या वाद्याचा गुरु नव्हता, घराणें नव्हतें, त्याच्यासाठीं बांधलेल्या गतीहि नव्हत्या. गिटारीवर राग कसा मांडावा, हें त्याला दाखवील असा एकहि मनुष्य त्या वेळीं देशांत नव्हता.

तेव्हां गुरु मिळाला तो सरोदाचा. अली अकबर खां यांनीं त्याला शिष्य केलें. वरवर पाहतां हा योग विचित्र वाटतो. पण विचार केला म्हणजे त्यांतील औचित्य दिसूं लागतें. सरोदाला पडदे नसतात. धातूच्या गुळगुळीत पट्टीवर वादक नखानें तार दाबतो आणि नख सरकवून मींड घेतो. म्हणजे सरोदियाचें नख आणि गिटारीची कांडी यांचें काम तत्त्वतः एकच. सितारीची गोष्ट निराळी. तिथें एका पडद्यावर तार आडवी खेंचून मींड काढतात, आणि ती चारपांच सुरांच्या पलीकडे सहसा जाऊं शकत नाहीं. तार तुटण्याची भीति असते. गिटारीवर कांडी एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे गेली तरी तार तुटत नाहीं कीं सूर खंडत नाहीं.

मात्र जें सुलभ दिसतें त्यांतच या वाद्याची अवघड बाजूहि आहे. पडद्यानें अडविलेला सूर आपोआप नेमका लागतो. कांडीला असा आधार नाहीं. केंसभर इकडेतिकडे झाली, कीं सूर बेसुर झालाच, आणि तो लपवितां येत नाहीं. शिवाय कांडी सरळ व ताठ असते. बोटांनीं दोन सूर एकामागून एक झपाट्यानें मारतां येतात, तसे कांडीनें मारावयाचे तर ती प्रत्येक वेळीं उचलून अचूक ठिकाणीं ठेवावी लागते. नाहीं तर दोन सुरांच्या मधली घसरण ऐकूं येऊन तान लोळागोळा होते. कांडीच्या मागच्या बाजूस राहिलेल्या तारेचा नको असलेला झंकार उरलेल्या बोटांनीं दाबून धरावा लागतो, तो भाग आणखी वेगळा. हवाईच्या वादकांना याची अडचण वाटली नाहीं, कारण त्यांचें संगीतच डोलत चालणारें. रागसंगीतांत विलंबित आहे तसें द्रुतहि आहे, आणि द्रुतांत या वाद्याची परीक्षा होते.

काब्रांनीं अमेरिकन बनावटीची, गिब्सन कंपनीची मोठ्या पोटाची गिटार घेतली आणि तिला आपल्या कामासाठीं वळविलें. तारा उंच केल्या, आपल्या पद्धतीनें मिळविल्या, आणि षड्जाचा झंकार देणारी तार जोडली. विजेच्या साहाय्यानें आवाज फुगविण्यापेक्षां लांकडाच्या पोटांतून येणारा नैसर्गिक नाद त्यांना पसंत होता, हें त्यांच्या तबकड्या ऐकतांना जाणवतें. चित्रपटांतील गिटारीचा जो एक पातळ, गोडसर, किंचित् कांपरा आवाज आपल्या कानांत बसलेला असतो, तो येथें सांपडत नाहीं. येथील आवाज जाड आहे, भारदस्त आहे, सरोदाचा चुलतभाऊ शोभावा असा आहे. एच. एम. व्ही.नें त्यांच्या स्वतंत्र एकल वादनाच्या लाँग-प्ले तबकड्याहि काढल्या. त्यांत आलाप हें काब्रांचें खरें क्षेत्र आहे, असें माझें मत आहे. एक सूर छेडावा, तो विरत असतांनाच कांडीनें त्याला पुढच्या सुरापर्यंत हाताला धरून न्यावें आणि अगदीं शेवटच्या क्षणीं, आतां गेला असें वाटत असतां, तेथें टेकवावा, ही त्यांची हातोटी. त्यांच्या द्रुत गतींत मला तेवढें समाधान मिळत नाहीं. परंतु ज्या वाटेवर पूर्वी कोणी चाललें नव्हतें तेथें धांवण्याची अपेक्षा कितपत करावी?

आतां पुन्हां त्या मूळ तबकडीकडे वळूं. तिघेहि वादक त्या वेळीं तिशीच्या आसपासचे होते, आणि तिघांच्याहि वाद्यांवर कांहीं ना कांहीं आक्षेप होता. बांसरीला पन्नालाल घोषांनीं नुकतेंच बैठकींत आणलें होतें. संतूर हें तर काश्मीरच्या सूफी गायकांच्या साथीचें वाद्य. काठीनें तारेवर आघात केला, कीं सूर उमटतो आणि विरतो, त्यांत मींड कोठून आणणार, असें शिवकुमारांना जाणकार ऐकवीत असत. गिटार तर सर्वांत परकी. म्हणजे रागसंगीताच्या उंबरठ्यावर ज्यांना थोपवून धरलें होतें अशीं हीं तीन वाद्यें जोशींच्या तबकडींत एकत्र आलीं होतीं.

यांपैकीं गिटारीच्या वाट्याला कोणतें काम आलें, तें नीट ऐकल्यावांचून कळत नाहीं. संतूर थेंबाथेंबानें बोलतें. बांसरीला श्वास आहे, पण श्वासाला मर्यादाहि आहे. या दोहोंच्या मधली जी सलग, वाहती रेघ आपणांस जाणवते, आणि जिच्यामुळें थेंब व फुंकर ही एकाच चित्रांतलीं वाटतात, ती काब्रांच्या कांडीची आहे. बहुतेक श्रोते ती रेघ ऐकतात आणि तिचें श्रेय नकळत बांसरीला किंवा एकूण परिणामाला देऊन टाकतात. गिटारीनें स्वतःकडे लक्ष वेधून घेतलें नाहीं, हा तिचा गुण. आणि तोच गुण वादकाच्या कीर्तीच्या आड आला.

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. शिवकुमार आणि हरिप्रसाद मुंबईस राहिले. 'शिव-हरि' या जोडनांवानें त्यांनीं 'सिलसिला' (१९८१), 'चांदनी' (१९८९) अशा चित्रपटांना संगीत दिलें. दोघांनाहि पद्मविभूषण मिळालें, हरिप्रसादांना २००० सालीं आणि शिवकुमारांना २००१ सालीं. त्यांच्या योग्यतेविषयीं शंका घेण्याचें कोणास धाडस होणार नाहीं. शिवकुमार १० मे २०२२ रोजीं निवर्तले तेव्हां साऱ्या देशानें हळहळ व्यक्त केली. काब्रांनीं अहमदाबादेस वास्तव्य केलें. चित्रपटाचें दार त्यांनीं पूर्वीच लावून घेतलें होतें. ते मैफली करीत, शिष्यांना शिकवीत. एप्रिल २०१८मध्यें अहमदाबाद येथेंच त्यांचें निधन झालें.

त्यांच्या शिष्यांपैकीं कलकत्त्याचे देबाशीष भट्टाचार्य यांनीं पुढें मोठें नांव मिळविलें. गुरूच्या द्रुत गतींत जें अपुरें वाटे, तें या शिष्याच्या हातीं पुरें झालें आहे. त्याची तान आतां लोळत नाहीं, दाणेदार पडते. त्यानें गिटारीला आणखी तारा जोडून नवें वाद्य सिद्ध केलें आणि त्याला 'चतुरंगी' असें नांव दिलें. जयपूरचे विश्वमोहन भट्ट हे रविशंकरांचे शिष्य. त्यांनींहि गिटारीला तरफेच्या तारा बसवून 'मोहनवीणा' घडविली. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह केलेल्या त्यांच्या तबकडीला १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें, आणि मग मांडीवरची गिटार हें हिंदुस्थानी वाद्य आहे, हें सिद्ध करण्याची गरजच राहिली नाहीं.

या नव्या नांवांविषयीं मात्र माझी थोडी तक्रार आहे. वाद्यांत फेरफार करणाऱ्यानें त्याला नांव द्यावें, हा त्याचा अधिकार मान्य. परंतु वीणा म्हटल्याखेरीज त्याला बैठकींत मान मिळणार नाहीं, अशी जर त्यामागें भावना असेल, तर ती मला पटत नाहीं. व्हायोलिन दक्षिणेंत दोन शतकें नांदत आहे. तिला कोणी नवें संस्कृत नांव देऊन शुद्ध करून घेतलें नाहीं. आमच्या खेड्यांत पेटीला पेटीच म्हणतात. काब्रांनीं आपल्या वाद्याला गिटार म्हटलें आणि शेवटपर्यंत गिटारच म्हटलें. तबकडीच्या वेष्टणावरहि तोच शब्द आहे. वडिलांना दिलेलें वचन वाजविण्यासंबंधीं होतें, नांवासंबंधीं नव्हतें, असें त्यांना वाटलें असावें.

ज्यांच्या घरीं ती जुनी तबकडी असेल, किंवा आजकालच्या साधनांवर ज्यांना ती सहज मिळेल, त्यांनीं एक करून पाहावें. पहिल्या खेपेस सर्व वाद्यें एकत्र ऐकावीं. दुसऱ्या खेपेस शेवटच्या पहाडीपासून आरंभ करावा. हा राग हलका आणि कानांच्या ओळखीचा असल्यामुळें तेथें वाद्यें वेगळीं ओळखणें सोपें जातें. संतूराचा आघात आणि बांसरीची फुंकर बाजूला काढलीत, कीं खालच्या सप्तकाकडून वर सरकत येणारा, न तुटणारा असा एक जाड सूर उरेल. तो एकदां कानानें पकडला, कीं मग मागें जाऊन अहिरभैरव लावावा. पहांटेच्या त्या रागांतील कोमल ऋषभावर तो सूर कसा येऊन थांबतो आणि थांबतांना किती वेळ घेतो, तें ऐकावें. त्यापुढें काब्रांच्या एकल वादनाची एखादी तबकडी मिळाली तर ती रात्रीं, घर निजल्यावर लावावी. तिच्या आलापाला घाई सोसत नाहीं.